लहानीचं घर

बहिणीनं ती गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलो होतो. दिवाळीची सुट्टी होती. ती काटोलकडच्या एका गावात शाळेत शिकवते, तिचा नवरा तिथल्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. दिवाळीत दोघं आमच्याकडे येतात, कारण आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. मी पुरणपोळी केली होती. बाबा नेहमीसारखे खाली मान घालून जेवत होते.

"ताई, आम्ही घर बांधून राहिलो," ती म्हणाली.

"बरं झालं. कोणाले दिलं काम?"

"कोणाले नाही. आम्हीच बांधतो. हातानं."

माझा नवरा हसला. मीही हसले. बाबा हसले नाहीत. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "माती कोणती हाय तिथली?"

आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा मी बाबांना मुद्दाम रिक्षानं दाखवायला आणलं होतं. ते सगळ्या खोल्यांमधून फिरले, गॅलरीत उभे राहिले आणि "नळाले पाणी किती वेळ येते?" एवढंच विचारून खाली उतरले. पुढे इतकी वर्षं या घरात राहूनही या घराबद्दल त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

"वर काळी आहे बाबा," बहीण म्हणाली. "खाली मुरूम लागते म्हणतात."

"म्हणतात नाही. खोदून पाहय. काळ्या मातीवर घर उभं नाही राहत. पावसात फुगते, उन्हात फाटते. मुरूम लागेपर्यंत थांबायचं नाही."

"आणि नाहीच लागला तर?"

"लागते. खोदणाऱ्याले लागते."

मग ते दोघं बोलतच राहिले. जोतं किती उंच, दगड कुठून आणायचा, विटांचा साचा कोणत्या लाकडाचा. बाबांनी ताटातच बोटानं आमटीची रेघ ओढून तिला भिंतीचा कोपरा दाखवला. त्यांची पोळी गार झाली. मी दुसरी गरम आणून वाढली, तर त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

बाबा कापडाच्या गिरणीत बॉयलरवर होते. आम्ही शाळेत असताना गिरणी बंद पडली. मग त्यांनी वस्तीतल्या लोकांचे पंप, स्टोव्ह, सायकली, जे येईल ते दुरुस्त केलं. आमचं घर उत्तर नागपुरात होतं, दोन खोल्यांचं, आणि बाबांच्या अवजारांची लोखंडी पेटी खाटेखाली असायची. आई दवाखान्यात आयाचं काम करायची. तिची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. त्यामुळे स्वयंपाक फार लवकर माझ्याकडे आला. बाबा आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी मोठी, ती लहानी. "मोठे, चहा टाक वं." "लहाने, पाना दे." सगळं लहानपण या दोन हाकांमध्ये गेलं. आणि मला आयुष्यात कोणती गोष्ट हवी होती असं कुणी विचारलं, तर मला तो पाना हवा होता.

एकदा बाबांनी दारासमोरची पायरी सिमेंटची केली. लहानी डब्यानं पाणी ओतत होती, बाबा फावड्यानं माल कालवत होते, आणि मी आत कणीक मळत होते. बाहेरून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मी दारात आले तर ओल्या पायरीवर तिच्या हाताचा पंजा उमटलेला होता, पाचही बोटं स्वच्छ. "मोठे, ये, तूही ठेव," बाबा म्हणाले. माझ्या हाताला कणीक होती. मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले, आले. बाबांनी माझा पंजा पायरीवर ठेवला आणि वरून दाबला. पण सिमेंट आवळलं होतं. बाबांनी आणखी जोर लावला. माझा तळहात दुखला, खूण मात्र पडली नाही.

त्यात कुणाची चूक नव्हती. म्हणूनच बहुधा ते इतकं लक्षात राहिलं.

घराचं काम सुरू झालं तसे बाबा दर रविवारी तिकडे जायला लागले. बहिणीचा नवरा, बाबांचा धाकटा जावई, सकाळी मोटरसायकलवर येई. इतर दिवशी बाबांना उठवायला मला दोनदा हाक मारावी लागे, पण रविवारी ते उजाडायच्या आत आंघोळ करून, डोक्याला टोपी, गळ्यात मफलर, दारापाशी खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांचे गुडघे दुखत. आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की ते पायऱ्या चढायला नकार देत आणि खाली वॉचमनजवळ बसून राहत. तेच गुडघे रविवारी मोटरसायकलवर मागे बसून काटोल रोडनं दूर जात आणि संध्याकाळी हसत परत येत.

परत आले की त्यांच्या नखांत माती असे. जेवताना ते सांगत, "आज मुरूम लागला. पिवळा, चांगला दाट." दुसऱ्या आठवड्यात, "विटा पाडणं चालू झालं. कुटार थोडं कमी पडून राहिलं होतं, मी सांगतलं वाढव." कुटार म्हणजे विटांच्या मातीत मिसळायचा भुसा. त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं मी आई गेल्यापासून ऐकली नव्हती. मी "हो का" म्हणायची आणि भाजी वाढायची.

संक्रांतीनंतर मी पहिल्यांदा ते काम पाहायला गेले. बसनं गेले, फाट्यावर उतरले, संत्र्यांच्या बागांमधून जाणाऱ्या वाटेनं चालत गेले. दुरून एक सावळी, सडपातळ बाई दिसली. नवऱ्याची जुनी पँट घातलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. ती भिंतीवर वाकून ओळंबा सोडत होती. ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यावरून कळतं. ती माझी बहीण आहे हे जवळ जाईपर्यंत मला ओळखू आलं नाही. काळ्या दगडाचं जोतं पूर्ण झालं होतं आणि त्यावर उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. बाबा उपड्या घमेल्यावर बसले होते.

"डावीकडं," बाबा म्हणत होते. "अजून जराशी. बस. आता पाहय."

"पाहिलं," ती म्हणाली.

दोघांनी एकदम मान हलवली. एकसारखी. मला पाहून ती धावत आली आणि मातीच्या हातांनीच तिनं मला मिठी मारली. माझी साडी मळली. मिठीतून सुटल्याबरोबर मी त्या घरातल्या खोडी शोधायला लागले.

"वाळवी लागली तर?"

"म्हणून तर जोतं उंच ठेवलं, ताई."

"आणि पावसात विटा विरघळल्या तर?"

"वळचण लांब काढणार आहे. भिंतीले पाणी लागणारच नाही."

"साप?"

"साप तर तसेही आहेतच वं," ती हसून म्हणाली. "ते काही सिमेंटले पाहून परत नाही जात."

बाबाही हसले. मला वाटलं, आता चौथी खोड सापडली नाही तर मला इथं उभं राहायला काही कारणच उरणार नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक फळी लावायचं ठरवलं. नवऱ्याचं ड्रिल मशीन काढलं, स्टुलावर चढले. पहिल्याच भोकाला भिंतीतून रेतीचा लोट आला आणि माझी मूठ जाईल एवढं खिंडार पडलं. नवरा टीव्ही पाहत होता. तो म्हणाला, "अगं, माणूस बोलावला असता ना." दुसऱ्या दिवशी माणूस आला, त्यानं ते बुजवलं, फळी लावली आणि गेला. फळी सरळ होती. मी तिच्यावर काहीच ठेवलं नाही.

ऑफिसमध्ये मी बहिणीच्या घराबद्दल बोलायची तेव्हा दोन आवाजांत बोलायची. कुणी म्हटलं, "हातानं का बांधतात?" तर मी खांदे उडवून म्हणायची, "असतो एकेकाचा छंद. टिकलं तर खरं." पण फोटो दाखवताना मात्र मला राहवत नसे. जावयानं पाठवलेला दरवाजाच्या चौकटीचा एक फोटो होता, जुन्या सागवानाची चौकट, तिच्या बाजूला कच्च्या विटांची ओळ, आणि त्यावर संध्याकाळचं ऊन. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "किती सुंदर! कोणाचं आहे?" मी म्हणाले, "आमचं." तो शब्द कसा निघून गेला ते मला कळलं नाही. मी तो दुरुस्तही केला नाही.

पावसाळ्याआधी छप्पर झालं. वर कवेलू चढले. गावातले चारदोन लोक मदतीला आले होते, बाकी सगळं बहिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं केलं. जुलैमध्ये नागपुरात झड लागली तेव्हा मी रोज फोन करायची.

"कसं आहे घर?"

"ठीक आहे ताई."

"भिंती ओल्या नाही झाल्या?"

"नाही वं. तू काळजी नको करू."

तिला ती काळजी वाटत होती. खरं तर मी वाट पाहत होते. मागच्या बाजूच्या एका कोपऱ्यात ओल आली असं तिनं एकदा सांगितलं, तेव्हा मी "अगं बाई!" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःसाठी आलं घालून चहा केला. आठवड्यानं ती म्हणाली, पागोळीचं पाणी तिथं उडत होतं, खाली दगड लावले, आता कोरडं आहे. त्या दिवशीचा चहा मी केला तसाच ओट्यावर राहिला.

मग हिवाळा आला. नागपूरचा हिवाळा लोकांना खोटा वाटतो, कारण त्यांना फक्त आमचा उन्हाळा माहीत असतो. पण डिसेंबरात इथं पहाटेची बोटं आखडतात, आणि काटोलकडे बागांमध्ये तर त्याहून जास्त. बाबांच्या गुडघ्यांना थंडी अजिबात चालत नाही. मी दुकानातून विजेचा हीटर आणला, चांगल्यातला, चाकांचा. त्यांच्या खाटेशेजारी लावला. बाबांनी दोन रात्री तो सहन केला आणि तिसऱ्या सकाळी म्हणाले, "यानं नाक कोरडं पडते मोठे. आणि ऊब एकाच बाजूनं लागते. मी जरा लहानीकडं जाऊन येतो."

"तिथं तर जास्त थंडी आहे बाबा. बागेत आहे घर."

"ती ओटा बांधून राहिली ना. चुलीचा."

हा ओटा काय प्रकार आहे ते मला मग कळलं. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर सरळ वर न सोडता भिंतीतून पलीकडच्या खोलीत न्यायचा. तिथं खाटेएवढा विटांचा ओटा, पोटातून पोकळ. धूर त्याच्या आतून एक वळसा घेऊन शेवटी धुराड्यानं बाहेर पडतो, आणि जाता जाता सगळी ऊब विटांना देऊन जातो. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की पहाटेपर्यंत ओटा गरम. जळण म्हणून शेतातल्या तुराट्या, कापसाची पऱ्हाटी, संत्र्याच्या छाटलेल्या फांद्या. कल्पना बहिणीची होती. धुराची वाट कशी असावी हे बाबांनी सांगितलं, कारण त्यांचं निम्मं आयुष्य आगीसमोर गेलं होतं. म्हणजे मी दुकानात हीटर निवडत होते तेव्हा ही दोघं फोनवर माझ्या पाठीमागे विटा मोजत होती.

पहिल्यांदा चूल पेटवायची त्या दिवशी मीही गेले. मला बोलावलं होतं म्हणून, आणि बोलावलं नसतं तरी गेले असते. खोली छान दिसत होती, हे मला मान्य करावं लागलं. ओट्यावर गुळगुळीत फरशी बसवली होती. बहिणीनं चुलीत तुराट्या घातल्या आणि काडी लावली.

धूर आत गेला, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा थांबला, आणि मग सगळाच्या सगळा चुलीच्या तोंडातून परत बाहेर आला. स्वयंपाकघर भरलं, पलीकडची खोली भरली. ओट्याच्या सांध्यांतूनसुद्धा धूर निघायला लागला. आम्ही खोकत, डोळे पुसत अंगणात पळालो. जावयानं बाबांना हाताला धरून आणलं. बहिणीचा चेहरा रडवेला झाला होता, धुरानं की कशानं ते सांगता येत नव्हतं.

आणि मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता, आणि छातीत असं हलकं वाटत होतं की जणू इतक्या वर्षांनी कुणी माझ्या बाजूनं बोललं होतं.

"मी म्हटलंच होतं," मी म्हणाले. "असं घरच्या घरी होत नसते."

कुणी ऐकलं नाही. बाबा धुराड्याकडे पाहत होते.

"ओली आहे अजून आतून," बहीण म्हणाली.

"ओली तर आहेच. पण..."

"थंड आहे. धुराडं थंड आहे."

"हां. धूर वर जाईल कशाले? वर काय ठेवलं त्याच्यासाठी?"

"मग आधी धुराड्याच्या बुडाशी..."

"कागद. नाहीतर पऱ्हाटीच्या बारीक काड्या."

अशी अर्धी अर्धी वाक्यं. एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं. मी त्यांच्याजवळच उभी होते, हातात ओला टॉवेल घेऊन, आणि मला त्या वाक्यांमध्ये शिरायला फट सापडत नव्हती. तिनं धुराड्याच्या तळाशी राख काढायला ठेवलेली वीट सरकवली, आत पेटता कागद टाकला. थोड्या वेळानं धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसली. मग ती आत जाऊन पुन्हा चुलीला काडी लावून आली. आम्ही सगळे बाहेरूनच पाहत होतो. धुराड्यातून आधी पिवळट आणि मग पांढरा धूर सरळ वर निघाला. चुलीतून आवाज यायला लागला, दूरवर गाडी चालल्यासारखा, घुमणारा.

"ओढून राहिली!" बाबा ओरडले. "लहाने, ओढून राहिली!"

त्यांनी तिच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की ती पुढे गेली. गिरणी बंद पडल्यानंतर मी बाबांचा असा आवाज ऐकला नव्हता. मी टॉवेल पिळून दोरीवर वाळत घातला.

ओटा तापायला फार वेळ लागतो. दुपार अशीच गेली. बाबा सारखे जाऊन फरशीवर हात ठेवत होते, आणि शेवटी तर वाकून त्यांनी गालच लावला. ऊन कलल्यावर फरशी कोमट झाली, मग चांगली गरम. बाबा त्यावर पाय लांब करून बसले, गुडघे चोळले आणि डोळे मिटून घेतले. बहीण त्यांच्या शेजारी बसली. तिनं माझ्यासाठी जागा केली.

"ताई, बस ना."

"नको. मले उकडते," मी म्हणाले.

बाहेर बागेवरून गार वारा येत होता. माझ्या अंगावर दोन स्वेटर होते. जावई हसू आवरायला वळून उभा राहिला, ते मी पाहिलं.

बाबा त्या संध्याकाळी माझ्याबरोबर परत आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं निमित्त काढून मी त्यांना आणायला गेले, तर ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"डॉक्टरले दाखवून मी परत येईन इकडं," ते म्हणाले. "मोठे, मी आता इथंच राहतो."

"माझ्याकडं काय कमी होतं बाबा?"

"कमी? काही नव्हतं." त्यांनी खरंच विचार केला. "तिथं मी नुसता बसून राहत होतो. इथं बसलो तरी काही ना काही होऊन राहते."

मी तशीच मागच्या अंगणात गेले. बहीण संत्र्याच्या वाळलेल्या फांद्या कोयत्यानं तोडून सारख्या लांबीच्या करत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं बोलले. की इतकी वर्षं बाबांचं पथ्य मी सांभाळलं, गोळ्या मी दिल्या, आईच्या आजारपणात रजा मी टाकल्या. की तिला आयते बाबा मिळाले, लहानपणीही आणि आताही. की तिनं त्यांना उचलून आणलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. ती कोयता बाजूला ठेवून ऐकत राहिली. रागावली नाही. तिच्या त्या न रागावण्याचाही मला हेवा वाटला.

शेवटी मी विचारलं, "तुले कधी माझा हेवा वाटला? एकदा तरी?"

तिनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवलं, कपाळाला आठी घालून. मला वाटलं आता ती म्हणेल, हो, तुझ्या नोकरीचा, नाहीतर बाहेरगावी शिकायला गेलेल्या तुझ्या मुलाचा, नाहीतर आईचा जीव तुझ्यावर होता त्याचा. काहीही चाललं असतं.

"नाही वं ताई," ती म्हणाली. "काहून वाटंल?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं तसं तिनं दिलं. मी विहिरीजवळच्या दगडावर बसले आणि खूप रडले. ती घाबरली. पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. "माझं काही चुकलं का?" असं सारखं विचारत राहिली. तिला काय सांगणार? ज्याचा कुणाला हेवा वाटेल असं माझ्याजवळ काहीच नाही, हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

रडून झाल्यावर मी तोंड धुतलं. समोर घराची पश्चिमेकडची भिंत होती. बाकी भिंतींना मातीचा गिलावा झाला होता, ही अजून उघडी होती. विटा दिसत होत्या.

"ही कधी लिंपणार?" मी विचारलं.

"सुट्टी पाहून. माती भिजवून ठेवली आहे."

"मी लिंपते."

ती काही म्हणायच्या आत मी पदर खोचला.

मी ऑफिसात फोन करून रजा वाढवली. भिजलेल्या मातीत कुटार आणि शेण घालून पायांनी तुडवलं. हातात गोळा घेऊन भिंतीवर मारायचा आणि तळव्यानं पसरायचा, एवढंच तर काम. संध्याकाळपर्यंत मी निम्मी भिंत केली, आणि ती मला फार देखणी वाटली. सकाळी उठून पाहिलं तर निम्म्यातला निम्मा गिलावा पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला होता. बहिणीनं लिंपलेल्या भिंती तशाच्या तशा होत्या.

बाबा काठी टेकत बाहेर आले. पडलेल्या मातीकडे पाहिलं.

"भिंत ओली केली होती का आधी?"

"नाही."

"मग ती तहानलेली होती. तुझ्या मातीतलं पाणी तिनं पिऊन टाकलं. आधी तिले पाणी पाज, मग माती लाव. आणि हात सैल सोड वं. पोळी लाटून नाही राहिली तू."

ते खुर्ची घेऊन माझ्यापाशी बसले. दिवसभर बसले. "इथं पातळ झालं." "तिथं दाब." "आता राहू दे, नको घासू." बहीण दोनदा बाहेर येऊन काही सांगायला लागली, तर बाबा म्हणाले, "तू जा आत. मी सांगून राहिलो ना तिले." ती आत गेली. मला तेव्हा जे वाटलं ते कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे ठेवलं.

भिंत सरळ झाली नाही. उन्हात तिच्यावरचे चढउतार दिसतात. शेवटी बाबांनी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "आता नाही पडणार." सुंदर झाली असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली, पण नाही म्हणाले.

माघ पौर्णिमेला घरात बुद्धवंदना झाली. पांढरे कपडे घातलेले नातेवाईक, गावातले लोक, शाळेतले शिक्षक, सगळे आले. खीर मी केली. लोक घर पाहत फिरत होते आणि बहिणीचं कौतुक करत होते. ओट्यावरून तर बायका उठायलाच तयार नव्हत्या. मी पाणी द्यायच्या निमित्तानं पाहुण्यांना एकेक करून मागच्या बाजूला नेलं आणि म्हणाले, "ही भिंत मी केली." एक आत्या म्हणाली, "दिसते." तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

बाबा आता तिथंच असतात. मी शनिवारी जाते आणि रविवारी परत येते. ओट्यावर मी बसते आता, झोपतेही. त्याची ऊब अंगात हळूहळू, खालून वर चढत येते, तशी ऊब मला कोणत्याही यंत्रानं दिलेली नाही, आणि ही गोष्ट कबूल करताना मला अजून त्रास होतो. मनीषनगरला परत आले की घरात शिरताना पहिल्यांदा भिंतीकडे लक्ष जातं. कुणी बांधली, कोणत्या मातीवर, मला काही ठाऊक नाही. उन्हाळ्यात कूलर भणभणत असतो तेव्हा मला त्या जाड भिंतींची सावली आठवते आणि जीव जळतो.

परवा बहीण म्हणाली की जळण ठेवायला एक पडवी बांधायची आहे, पावसात तुराट्या भिजतात.

"त्याचा पाया मी खोदणार," मी लगेच म्हणाले.

"बरं ताई."

"मुरूम लागेपर्यंत."

ओट्यावरून बाबा म्हणाले, "दोघी मिळून खोदा वं. लवकर होईल."

मला तो 'दोघी' आवडला नाही. पण मी पुढच्या शनिवारी थोडी आधीची बस धरणार आहे. ती शाळेतून येईपर्यंत निम्मं खोदून झालेलं असेल.